'कोण येणार?' आणि 'कोणाला देणार?'

निवडणूक जवळ आली म्हणजे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एकच प्रश्न दिवसातून अनेक वेळा कानी पडतो: 'कोण येणार?' मिरजकर तिकटीवर चहा घेताना, तालमीच्या कट्ट्यावर, सकाळी वर्तमानपत्राची पाने वाटून घेताना या प्रश्नावर पैजा लागतात आणि मताधिक्याचे आकडेही छातीठोकपणे सांगितले जातात. 'तू मत कोणाला देणार?' असे मात्र तेथे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर तो आगाऊपणा ठरतो व उत्तर हसण्यावारी नेले जाते. वरवर पाहता दोन्ही प्रश्नांचा आशय एकच वाटतो. वस्तुतः पहिल्याचे उत्तर देणारा मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी साक्ष देत असतो, तर दुसऱ्याचे उत्तर देणारा स्वतःविषयी. २०२४ या एकाच वर्षात कोल्हापूरने जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये जे दोन परस्परविरुद्ध निकाल दिले, त्यांचा उलगडा करू पाहणाऱ्याने या भेदापासूनच आरंभ करावयास हवा.

त्या वर्षी लोकसभेसाठी कोल्हापुरात ७ मे रोजी मतदान झाले. काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती महाराज यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) विद्यमान खासदार संजय मंडलिक यांचा सुमारे १ लाख ५५ हजार मतांनी पराभव केला. त्या निकालानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांनी, २० नोव्हेंबर रोजी, विधानसभेसाठी मतदान झाले आणि जिल्ह्यातील १० जागांपैकी एकही महाविकास आघाडीच्या हाती लागली नाही. २०१९ मध्ये एकट्या काँग्रेसने याच जिल्ह्यात ४ जागा जिंकल्या होत्या. मतदार तेच, रस्ते तेच, पुढारीही बहुतांशी तेच. पेठेचा अदमास मात्र जूनमध्ये खरा ठरला आणि नोव्हेंबरमध्ये साफ कोसळला.

लोकसभेच्या वेळी मतदान व मतमोजणी यांत २८ दिवसांचे अंतर होते, कारण देशातील मतदानाचा शेवटचा टप्पा १ जून रोजी आणि मोजणी ४ जून रोजी होती. निर्णय यंत्रात बंद झालेला आहे, तो आता बदलणे कोणाच्याही हाती नाही आणि तरीही त्यावर चर्चा थांबत नाही, असा हा चमत्कारिक काळ असतो. असाच एक काळ १९४५ साली ब्रिटनने अनुभवला. दुसऱ्या महायुद्धातील विजयानंतर तेथे ५ जुलै रोजी सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले. दूरदेशी असलेल्या सैनिकांची मते गोळा करावयाची असल्याने मोजणी २६ जुलैपर्यंत पुढे ढकलण्यात आली. त्या तीन आठवड्यांत कोणत्याही ब्रिटिश नागरिकाला 'कोण येणार?' असे विचारले असते, तर दहांपैकी आठ-नऊ जणांनी विन्स्टन चर्चिल यांचेच नाव घेतले असते. युद्ध जिंकून देणाऱ्या नेत्याला राष्ट्र घरी बसवील ही कल्पनाच त्यांना असंभाव्य वाटत होती. मजूर पक्षाच्या पुष्कळ नेत्यांनाही स्वतःच्या विजयाची खात्री नव्हती. निकाल लागला तेव्हा ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाकडे गेल्या आणि क्लेमेंट ॲटली पंतप्रधान झाले.

यात खरे मर्म असे की, हा निकाल आधी कोणालाच दिसला नव्हता असे नव्हे. गॅलप संस्थेने 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकासाठी घेतलेल्या चाचण्यांत मजूर पक्षाची आघाडी स्पष्ट दिसत होती. त्या चाचण्यांत 'तुम्ही मत कोणाला देणार?' असे विचारले जात होते. लोक खरे उत्तर देत होते; परंतु ते उत्तर छापून आल्यावरही त्यावर कोणाचा विश्वास बसेना. प्रत्येकाने स्वतः मजूर पक्षाला मत दिले आणि इतर सारे चर्चिल यांना देणार असे गृहीत धरले. लोकमत आणि लोकमताविषयीचे लोकांचे मत यांत एवढी मोठी फारकत आधुनिक इतिहासात क्वचितच दिसते.

एवढ्यावरून पेठेच्या अदमासाला हसणे मात्र चुकीचे ठरेल. ब्रिटन व अमेरिका येथील संशोधकांनी अलीकडच्या काळात असे दाखवून दिले आहे की, 'कोण जिंकेल?' या प्रश्नाला सामान्य मतदारांनी दिलेली उत्तरे एकत्र केली, तर ती 'मत कोणाला?' या प्रश्नावर आधारलेल्या चाचण्यांपेक्षा अनेकदा अधिक अचूक ठरतात. याचे कारण गूढ नाही. हजार माणसांना त्यांचे मत विचारले तर हजार मते कळतात. त्याच हजारांना निकाल विचारला तर प्रत्येक जण आपला भाऊ, मेहुणा, कचेरीतील सहकारी, गल्लीतील दुकानदार यांच्याविषयीची माहिती उत्तरात मिसळतो. म्हणजे हजार माणसांकडून दहा हजारांची वार्ता हाती येते. ज्या वस्तीत माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, तेथे ही वार्ता अधिकच भरीव असावी हे ओघानेच आले. मंगळवार पेठेत कोणते घर कोणत्या तालमीचे, कोणती तालीम कोणाच्या शब्दाला मान देते, कोणाचे कोणाशी गेल्या गणपतीपासून बिनसले आहे, हे ठाऊक असणारी माणसे गल्लोगल्ली आढळतात. दिल्ली-मुंबईहून आलेल्या पाहणीकर्त्याच्या प्रश्नावलीत यांतले काहीच उतरत नाही.

कोल्हापूरचा राजकीय इतिहासही या स्थानिक ज्ञानाच्या बाजूने साक्ष देतो. २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवारी नाकारलेले वयोवृद्ध सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी त्याच पक्षाच्या संभाजीराजे छत्रपती यांना हरवले. २०१४ साली देशभर नरेंद्र मोदी यांच्या नावाची लाट होती. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४२ जागा महायुतीने जिंकल्या. उरलेल्या सहांत कोल्हापूर होते. तेथे राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक सुमारे ३३ हजार मतांनी विजयी झाले. दोन्ही वेळी राज्याचा वा देशाचा वारा पाहून बांधलेले ठोकताळे कोल्हापुरापुरते चुकले असते. खासबाग मैदानातील जाणत्या प्रेक्षकाला मल्लाचे नाव किती गाजले आहे यापेक्षा लांग कसून उतरलेला मल्ल आज पायावर कसा उभा आहे हे दिसते. मतदारसंघाच्या बाबतीत पेठेतील जाणत्यांची दृष्टी काहीशी तशीच असते.

फरक एवढाच की, मैदानात दोन्ही मल्ल डोळ्यांसमोर असतात आणि प्रेक्षकाच्या अंदाजाने कोणाची पाठ जमिनीला लागत नाही. निवडणुकीत भाकीत हे नुसते भाकीत राहत नाही. ते स्वतःच आखाड्यात उतरते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा घरोघर पोहोचली. आघाडीचे अधिकृत उमेदवार राष्ट्रवादीचे महाडिक होते, परंतु काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने त्यांच्याविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिक यांना बळ दिले, आणि त्याची ग्वाही या दोन शब्दांनी दिली. भाषेच्या दृष्टीनेही ही घोषणा विचार करण्याजोगी आहे. तीत उमेदवाराचे नाव नाही, पक्ष नाही, कार्यक्रम नाही. 'आमचे' म्हणजे कोणाचे हेही सांगितलेले नाही. तीत आहे ती केवळ एका पूर्ण झालेल्या निर्णयाची वार्ता. ऐकणाऱ्याला वाटावे की सर्वांचे ठरून गेले आहे, आपणच काय ते मागे राहिलो. मंडलिक २ लाख ७० हजारांवर मतांच्या आघाडीने विजयी झाले. त्यातील किती मते घोषणेची होती हे मोजण्याचे साधन नाही. परंतु निकालाचे भाकीत हेच प्रचाराचे मुख्य शस्त्र होऊ शकते, हे त्या वेळी सर्व पक्षांनी ओळखले.

'आपले मत वाया जाऊ नये' हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षितांच्या तोंडीही सर्रास असते. मत म्हणजे जणू पैजेवर लावलेला पैसा आणि पराभूताला दिलेले मत म्हणजे बुडालेली रक्कम! ज्याला असे वाटते, तो स्वतःला काय हवे ते मतदान केंद्रात ठरवीत नाही. इतरांना काय हवे आहे याचा अंदाज बांधून त्यावर शिक्का मारतो. अशा मतदारांची संख्या वाढली म्हणजे 'कोण येणार?' हा प्रश्न आरशासमोर आरसा धरल्यासारखा होतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून उत्तर देतो आणि ज्याच्याकडे पाहावे त्याचे स्वतःचे असे मतच उरलेले नसते. संशोधकांनी ज्या सामूहिक अदमासाची महती सांगितली, त्याची पहिली अट प्रत्येकाने आपापल्या माहितीवरून स्वतंत्रपणे उत्तर देणे ही आहे. ती अट सुटली की हजार उत्तरांचे मोल एकाच उत्तराएवढे होते.

कोल्हापुरात या अंदाजशास्त्राला आणखी एक खास वळण लागले आहे, ते सहकारी संस्थांमुळे. जिल्हा दूध संघाच्या, म्हणजे 'गोकुळ'च्या, संचालक मंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क सामान्य दूध उत्पादकाला नसतो. प्रत्येक प्राथमिक संस्थेचा ठरावधारक मत देतो. २०२१ साली असे मतदार साडेतीन हजारांच्या घरात होते. एवढ्या मतदारांची नावनिशीवार यादी करता येते. कोणाचा ठराव कोणाकडे, कोण कुंपणावर, कोण फुटण्याच्या बेतात, हे रोज संध्याकाळी वहीत मांडता येते, आणि मतदानापूर्वीच निकाल बव्हंशी हाती असतो. जिल्ह्याचे राजकारण करणारी बहुतेक माणसे या शाळेत तयार झालेली आहेत. तीच वही घेऊन ती विधानसभेच्या निवडणुकीला सामोरी जातात. सरपंच आपला, संस्थेचा अध्यक्ष आपला, तालमीचा पाठिंबा आपल्याला, म्हणजे गाव आपले व पेठ आपली, असा हिशेब मांडला जातो. परंतु विधानसभेच्या मतदारसंघात मते लाखांनी असतात आणि ती ठरावाने येत नाहीत. घरटी चार मते असली तर चारही कर्त्या पुरुषाच्या शब्दावर पडतील, हे गृहीतक या हिशेबाच्या तळाशी दडलेले असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हे गृहीतक उघडे पडले. मंगळवार पेठ ज्या भागात येते त्या कोल्हापूर उत्तर मतदारसंघात तर सारेच विपरीत घडत गेले. २०१९ साली काँग्रेसचे चंद्रकांत जाधव येथून विजयी झाले होते. त्यांच्या निधनानंतर २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव यांनी ही जागा काँग्रेसकडे राखली. २०२४ मध्ये मात्र त्या शिवसेनेच्या शिंदे गटात गेल्या. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली, आणि त्यांनी माघारीच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेतला. परिणामी काँग्रेसला अपक्ष लाटकर यांनाच पाठिंबा द्यावा लागला व मतदान यंत्रावर 'हात' हे चिन्हच उरले नाही. शिवसेनेचे राजेश क्षीरसागर २९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

उत्तरच्या निकालाची कारणे या घोळात सापडतात असे म्हणून समाधान मानता आले असते. पण हा घोळ करवीरमध्ये झालेला नव्हता, दक्षिणमध्येही नव्हता. करवीरमध्ये दिवंगत आमदार पी. एन. पाटील यांचे पुत्र राहुल पाटील उभे होते, सहानुभूती होती, संघटना होती. तरीही चंद्रदीप नरके दोन हजारांहून कमी मतांनी का होईना, जिंकले. दक्षिणमध्ये ऋतुराज पाटील यांना अमल महाडिक यांनी हरवले. सर्वत्र एकाच दिशेने काही सरकले होते आणि कट्ट्यावर बसणाऱ्यांना ते दिसले नाही, कारण जे सरकले ते कट्ट्यावर येत नाही.

पेठेतील चर्चेची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तालमीचा कट्टा, चहाची गाडी, पानाचे दुकान ही सारी पुरुषांची ठिकाणे. तेथे मांडला जाणारा सर्व पेठेचा अंदाज हा निम्म्या पेठेने उरलेल्या निम्म्या पेठेच्या वतीने केलेला असतो. जून २०२४ च्या अखेरीस राज्य शासनाने 'लाडकी बहीण' योजना जाहीर केली, तिच्यातून दरमहा दीड हजार रुपये थेट महिलांच्या बँक खात्यांत जाऊ लागले आणि मतदानापूर्वी पाच महिन्यांची रक्कम पोहोचली. राज्यात महिलांच्या मतदानाचे प्रमाण २०१९ मधील सुमारे ५९ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. कोल्हापूर जिल्ह्यात एकूण मतदान ७६ टक्क्यांच्या वर, म्हणजे राज्यात सर्वाधिक झाले. केवळ एका योजनेने निकाल फिरवला असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. आघाडीनेही दरमहा तीन हजारांचे आश्वासन दिलेच होते. शिवाय पैसे घेतले म्हणून मत दिले, असे स्त्रियांविषयी बोलणारे पुरुष स्वतःच्या मतामागची कारणे मात्र वैचारिक असल्याचे सांगतात. मुद्दा निराळा आहे. शेजारच्या घरातील दोन-तीन मतांचा विचार कट्ट्यावरच्या माणसाने कधी विचारूनच घेतला नव्हता. त्याची साक्ष खोटी नव्हती; ती ऐकीवही नव्हती; ती मुळी घेतलेलीच नव्हती.

जूनच्या निकालानेही दृष्टी दिपवली होती. शेजारच्याच हातकणंगले लोकसभा मतदारसंघात शिंदे गटाचे धैर्यशील माने अवघ्या तेरा हजारांच्या आसपास मताधिक्याने का होईना, निवडून आले होते, याचा कोल्हापूर शहरात कोणी फारसा विचार केला नाही. राज्यातही आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या असल्या, तरी दोन्ही बाजूंच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. आपल्या निवडणूक पद्धतीत मतांचा अल्पसा झोक जागांच्या डोंगराएवढा दिसतो. ब्रिटनची पद्धतही हीच आहे. ४ जुलै २०२४ रोजी मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळवल्या. अशा ठिकाणी मते अचूक सांगणारा पाहणीकर्ताही जागा सांगताना तोंडघशी पडू शकतो, आणि जागा पाहून लोकमत ओळखणारा तर हटकून पडतो.

मतदार पाहणी करणाऱ्यांपासून मत दडवतो, ही तक्रार ब्रिटनमध्येही जुनी आहे. १९९२ साली तेथील बहुतेक चाचण्यांनी मजूर पक्षाला किंचित पुढे दाखवले आणि प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांच्या आसपास आघाडीने जिंकला. त्यानंतर झालेल्या चौकशीत, हुजूर पक्षाला मत देणारे ते कबूल करण्यास संकोचले, हे एक कारण निघाले. ब्रिटिश मतदाराला वाटला तो संकोच होता. कोल्हापूरच्या मतदाराच्या मौनात त्याहून अधिक काही असते. ज्याचा ऊस विशिष्ट कारखान्यास जातो, ज्याचे कर्ज विशिष्ट बँकेत आहे, ज्याचा मुलगा पुढाऱ्याच्या शिक्षणसंस्थेत विनाअनुदानित तुकडीवर शिकवतो, त्याने चारचौघांत मत सांगणे म्हणजे पोटावर पाय देण्यास निमंत्रण. असा मनुष्य विचारणाऱ्याचा चेहरा पाहून उत्तर देतो. 'कोण येणार?' हा प्रश्न त्याला सोयीचा वाटतो तो याचसाठी. त्यात स्वतःला न अडकवता बोलता येते. शाळामास्तर आणि कारकून हे तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वतः बसलेले असतात. संध्याकाळी यंत्र सीलबंद करून परतताना त्यांना सगळे विचारतात, 'काय कल दिसतोय?' त्यांच्यापाशी असते ती फक्त मतांची बेरीज. बाकीचे त्यांना कळलेले नसते, आणि काही कळल्यासारखे वाटले तरी बोलून चालत नाही.

मतदानोत्तर चाचण्यांवर आपल्याकडे कायद्याचे बंधन आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६अ या कलमानुसार पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास होईपर्यंत त्या प्रसिद्ध करता येत नाहीत. १ जून २०२४ च्या संध्याकाळी ही मुदत संपताच बहुतेक वाहिन्यांनी भाजपप्रणीत आघाडीला ३५० च्या पुढे, काहींनी ४०० पर्यंत जागा देऊन टाकल्या. ३ जूनला सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंशांनी चढला, आणि ४ जूनला प्रत्यक्षात २९३ जागा निघाल्यावर जवळजवळ ४,४०० अंशांनी कोसळला. पेठेतील पैजेत हरणारा फार तर एक जेवण देतो; येथे ज्यांनी भाकितावर विसंबून आदल्या दिवशी समभाग घेतले, त्यांची बचत एका दुपारी वितळली.

कायदा प्रसिद्धीची वेळ ठरवतो. पाहणी कशी झाली हे उघड करावयास लावण्यात मात्र तो अपुरा आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली पाहणीसंस्थांनी स्वतःची परिषद स्थापन केली. सदस्य संस्थेला विचारलेले प्रश्न, नमुन्याचा आकार, पद्धत आणि पाहणी कोणासाठी केली ही माहिती जाहीर करावी लागते. तेथील वाहिन्यांच्या मतदानोत्तर चाचणीत केंद्राबाहेर पडणाऱ्या मतदाराला तोंडी विचारत नाहीत. त्याला मतपत्रिकेची नक्कल देतात आणि ती भरून त्याने पेटीत टाकावयाची असते. पुढील निवडणुकीच्या वेळी कोल्हापुरातील एखादे महाविद्यालय वा दैनिक एवढे सहज करू शकेल: मंगळवार पेठेसारख्या एका वस्तीत घरोघर जाऊन, स्त्री व पुरुष यांना वेगवेगळे गाठून, बंद पेटीत चिठ्ठी टाकावयास सांगणे. चिठ्ठीवर दोनच ओळी असाव्यात, एक 'मत कोणाला?' आणि दुसरी 'कोण येणार?' दोन्हींची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत, खाली पाहणीचा खर्च कोणी केला तेही लिहावे, आणि स्त्रियांच्या चिठ्ठ्यांचा रकाना वेगळा ठेवावा.